न उडालेल्या यानांच्या प्रतिकृती



ह्या व्यासपीठावरून आजवर वेदान्तापासून विक्रीकरापर्यंत बहुतेक विषयांचा परामर्श घेऊन झाला आहे. आज आमच्या नावापुढे छापलेला विषय वाचून काही श्रोत्यांनी आपली नातवंडे बरोबर आणलेली दिसतात. नातवंडांचे स्वागतच आहे; परंतु विषय मुख्यतः त्यांचा नव्हे. ज्यांचा तो आहे ती मंडळी आता साठीच्या पुढे गेली आहेत. त्यांचे चष्मे जाड झाले आहेत, हात थोडे कापू लागले आहेत, आणि त्यांच्या घरी माळ्यावर न उघडलेली खोकी पडून आहेत. त्या खोक्यांचे काय करावयाचे, हाही आजच्या विषयाचाच एक भाग आहे.

विषय असा, की चित्रपटांत आणि दूरचित्रवाणीच्या विज्ञानकथांत जी अवकाशयाने आपण पाहतो, त्यांचे प्लॅस्टिकचे सुटे भाग खोक्यात घालून विकतात. हे भाग कापून, घासून, जोडून, रंगवून त्या यानाची लहानशी प्रतिकृती उभी करावयाची. ह्याला मॉडेल किट म्हणतात. आम्ही आज त्याला नुसता संच म्हणू. हा छंद मूळचा अमेरिकेतला, इंग्लंडातला आणि जपानातला. आपल्याकडे त्याचे उपासक थोडे, आणि त्यांना बहुधा संच परदेशातून मागवावे लागतात. त्यामुळे आजच्या कथेतील स्थळेही बहुतेक तिकडचीच आहेत.

हा छंद ज्यांना सांगावा ते एक प्रश्न हमखास विचारतात. आगबोटीची प्रतिकृती करणारा समजतो. आगबोट गोदीत उभी असते, तिचे नकाशे मिळतात. विमानाचेही तसेच. पण जे यान जगात कधी नव्हतेच, त्याची हुबेहूब प्रतिकृती करावयाची म्हणजे हुबेहूब कशाशी? प्रश्न विनोदाने विचारला जातो, परंतु तो फार चांगला प्रश्न आहे. आज आपण त्याचाच पाठपुरावा करणार आहोत.

दिवाळीत आपल्या अंगणात मुले किल्ला करतात. तो पुष्कळदा रायगडही नसतो आणि प्रतापगडही नसतो. परंतु बुरूज कोठे यावा आणि दरवाजा कोणत्या अंगाला असावा ह्यावरून जे भांडण होते ते अगदी खरे असते. आमच्या छंदातील भांडणे त्याच जातीची आहेत. फरक इतकाच, की ती दिवाळीबरोबर संपत नाहीत.

आधी ही वस्तू तयार कशी होते ते पाहू, कारण तिचे निम्मे गुणदोष तेथेच ठरतात. पॉलिस्टायरीन नावाचे प्लॅस्टिक वितळवून ते पोलादी साच्यात मोठ्या दाबाने भरतात. ते थंड झाले की साचा उघडतो आणि आतून एक चौकट बाहेर पडते. फांदीला कैऱ्या लोंबाव्यात तसे यानाचे भाग त्या चौकटीला लटकलेले असतात. गणपतीच्या कारखान्यात ज्यांनी साच्याचे काम पाहिले असेल त्यांना पुढची अडचण लगेच कळेल. साचा ज्या दिशेने उघडतो त्या दिशेला अडकेल असे काही वस्तूत असून चालत नाही. म्हणून तर मूर्तीचे हात आणि आयुधे पुष्कळदा मागाहून जोडावी लागतात. पोलादाचा साचा त्याहून हट्टी. तो रेसभर वाकत नाही. त्यामुळे तबकडीसारखे यान असले की त्याच्या दोन ताटल्या करतात, आणि नळकांड्यासारखे इंजिन असले की ते उभे चिरून त्याच्या दोन पन्हळी करतात. डोळ्यांना जे अखंड दिसावयाचे ते हातात येते ते चिरलेल्या स्थितीत.

ते पुन्हा अखंड करणे हे जुळविणाराचे काम. ज्याला आपण गोंद म्हणतो तो येथे खरा गोंद नसतोच. तो द्रव प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवितो, दोन्ही कडा मऊ होतात, एकमेकींत मिसळतात आणि वाळल्यावर एकजीव होतात. चिकटविण्यापेक्षा ह्या क्रियेचे नाते डाग देण्याशी अधिक जवळचे आहे. (त्याच्या वाफा डोक्याला बऱ्या नव्हेत, खिडकी उघडी ठेवूनच बसावे.) मग सांध्यावर लांबी भरावयाची, ती वाळली की पॉलिश पेपरने घासावयाची, बोट फिरवून पाहावयाचे, पुन्हा भरावयाची. डोळा फसतो, बोट फसत नाही. एका सांध्यावर दोन संध्याकाळी सहज जातात. रंग त्यानंतर, आणि अगदी शेवटी पाण्यात भिजवून सरकवीत बसवावयाची अक्षरे आणि आकडे, ज्यांना डेकल म्हणतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पोलादी साचा कोरणे अतिशय खर्चाचे असते, प्लॅस्टिक मात्र स्वस्त. म्हणून एकदा कोरलेला साचा कंपन्या वर्षानुवर्षे वापरतात. कंपनी विकली गेली तर साचाही विकला जातो आणि नव्या नावाने पुन्हा कामाला लागतो. साच्यात राहून गेलेली चूक त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या चालते.

इंग्लंडातील एअरफिक्स कंपनीने आपला पहिला संच १९४९ साली काढला, तो फर्ग्युसन ट्रॅक्टरचा होता. अमेरिकेत लिंडबर्ग कंपनीने १९५२ साली उडत्या तबकडीचा संच काढला. उडत्या तबकड्यांच्या वार्तांनी तेव्हा तिकडची वर्तमानपत्रे भरून जात असत. १९५५ साली वॉल्ट डिस्ने ह्यांनी दूरचित्रवाणीवर अवकाशप्रवासाचा कार्यक्रम केला, त्यात वेर्नर फॉन ब्राउन स्वतः आपल्या भावी यानांचे नमुने हातात धरून बोलले, आणि त्या यानांचेही संच निघाले. रेव्हेल कंपनीचे एक्सएसएल-०१ नावाचे तीन टप्प्यांचे मानवी यान १९५७ सालचे. त्याच वर्षीच्या ४ ऑक्टोबरला स्पुट्निक वर गेला. ह्या सुरुवातीच्या संचांत एक मजा आहे. त्यांत दाखविलेली याने खोटी नव्हती, फक्त अजून व्हावयाची होती, अशी त्या काळच्या जाणत्या माणसांची समजूत होती. चंद्रावर जाणारे यान पुढे प्रत्यक्षात निघाले ते निराळ्याच आकाराचे निघाले, आणि हे संच भविष्याच्या खात्यातून एकदम कल्पिताच्या खात्यात जमा झाले.

आता ज्या यानाभोवती ह्या छंदाचा अर्धा इतिहास फिरतो त्याकडे येतो. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झाली. तिच्यातील एंटरप्राइझ नावाचे यान मॅट जेफरीज ह्यांनी कल्पिले. पुढे एक मोठी तबकडी, तिच्याखाली चिरूटासारखे शरीर, आणि मागे दोन लांब इंजिने तिरप्या खांबांवर उभी. कथेत ह्या यानाची लांबी ९४७ फूट सांगितली आहे. चित्रीकरणासाठी रिचर्ड डेटिन ह्यांनी १९६४ साली कॅलिफोर्नियातील एका मॉडेल-कारखान्याच्या साहाय्याने त्याचे दोन नमुने केले. एक सुमारे तीन फुटी होता, पसंतीसाठी. दुसरा अकरा फुटी, लाकूड, प्लॅस्टिक आणि पत्रा ह्यांचा. पडद्यावर आपण जे पाहिले ते मुख्यतः हे अकरा फुटी धूड.

ह्या धुडाची एक गोष्ट आम्हांस फार आवडते. ते एकाच बाजूने पुरे केलेले होते. आत दिवे बसविले तेव्हा त्यांच्या तारा डाव्या अंगाने बाहेर काढाव्या लागल्या. कॅमेरा उजवीकडे, तेव्हा डाव्या बाजूवर खर्च कशाला करा, असा शुद्ध व्यवहारी विचार. यान उलट दिशेने जाताना दाखवावयाचे झाले म्हणजे फिल्मच उलटी करण्याची युक्ती असे. आमच्या नाटकमंडळ्यांच्या पडद्यामागे ज्यांनी डोकावले आहे त्यांना ह्यात नवल वाटणार नाही. राजवाड्याला पुढची भिंत असते, मागे बांबू.

परंतु संच विकणाऱ्या कंपनीला ही सवलत नव्हती. मिशिगन राज्यातील ट्रॉय गावची एएमटी ही कंपनी मोटारींच्या संचांसाठी प्रसिद्ध होती. तिने १९६६ सालीच एंटरप्राइझचा सुमारे दीड फुटी संच बाजारात आणला. पहिल्या आवृत्तीत बारीक दिवे लावण्याचीही सोय होती, पुढे ती काढून टाकण्यात आली. गिऱ्हाईक यान हातात घेऊन फिरविणार, तेव्हा त्याला डावी बाजू हवी. म्हणजे जी बाजू मूळ नमुन्यात पुरी झालीच नव्हती, ती ह्या दीड फुटी प्लॅस्टिकला असणे भाग होते. ती कोणीतरी बसून ठरविली. आता आपण पहिल्या प्रश्नाकडे एक पाऊल सरकलो. हुबेहूब कशाशी? उजव्या अंगापुरते उत्तर आहे: त्या अकरा फुटी लाकडाशी. डाव्या अंगापुरते उत्तर नाही, आणि तरी ती बाजू करावीच लागते.

ह्या संचाची दुसरी ख्याती म्हणजे त्याची झुकणारी इंजिने. ज्या पातळ खांबांवर ती उभी राहतात ते शरीरात नीट पकडत नाहीत. दोनचार वर्षांत इंजिने माना टाकू लागतात. ह्यावर आत धातूची पट्टी घालणे, पितळी नळी घालणे इत्यादी उपाय जुळविणारांनी शोधून काढले आणि एकमेकांना पत्रांतून कळविले. कंपनीने चूक केली म्हणून एक अख्खी विद्या जन्मास आली, असे म्हणता येईल.

पण खरी गंमत पुढे आहे. २० ऑक्टोबर १९६७ रोजी ‘द डूम्सडे मशीन’ हा भाग दाखविण्यात आला. त्यात एंटरप्राइझच्याच जातीचे एक भग्न यान हवे होते. दुसरा अकरा फुटी नमुना करावयास पैसा नव्हता. तेव्हा स्टुडिओने एएमटीचा संच घेतला, जुळविला, जाळून-फोडून त्याचे हाल केले आणि तो कॅमेऱ्यापुढे टांगला. नाव कॉन्स्टेलेशन. एंटरप्राइझचा क्रमांक १७०१. संचातील आकडे तेच, म्हणून त्यांचीच अदलाबदल करून ह्या यानाचा क्रमांक १०१७ केला. म्हणजे दुकानात मिळणारी प्रतिकृती एका वर्षाच्या आत स्वतःच मूळ झाली! आज कोणी कॉन्स्टेलेशनची हुबेहूब प्रतिकृती करू म्हणेल, तर त्याला तोच संच घेऊन तितक्याच काळजीने जाळावा लागेल. असे करणारे लोक आहेत. आम्ही त्यांना हसत नाही.

ही अदलाबदल पुढे अपवाद राहिली नाही, ती रीतच झाली. इंग्लंडात जेरी अँडरसन ह्यांच्या ‘थंडरबर्ड्स’ ह्या बाहुल्यांच्या मालिकेसाठी १९६५ च्या सुमारास स्लाव येथे डेरेक मेडिंग्ज ह्यांचा कारखाना चाले. तेथे यानांच्या गुळगुळीत अंगावर बाजारी संचांतील बारीकसारीक तुकडे डकविण्याची पद्धत पडली. तिचा कळस झाला तो जॉर्ज लूकस ह्यांच्या ‘स्टार वॉर्स’च्या वेळी. लॉस एंजेलिसजवळ व्हॅन नायज येथे एका गोदामात १९७५ साली त्यांचा कारखाना सुरू झाला. तेथील मंडळींनी जर्मन रणगाडे, युद्धनौका, शर्यतीच्या मोटारी ह्यांच्या संचांची खोकीच्या खोकी विकत आणली. पण रणगाडा कोणी बांधला नाही. चाके, झडपा, शिड्या, इंजिनाच्या नळ्या सुट्या करून त्या यानांच्या अंगावर चिकटविल्या आणि वरून एकच राखाडी रंग दिला.

ह्यामागचे शास्त्र साधे आहे. वस्तू केवढी आहे हे डोळा तिच्यावरील सर्वांत लहान ओळखीच्या खुणेवरून ठरवितो. गुळगुळीत पाच फुटी वस्तू पाच फुटीच दिसते. तिच्यावर तांदळाएवढ्या झडपा आणि केसाएवढ्या नळ्या दिसू लागल्या, की डोळा म्हणतो, ही झडप माणसाच्या हाताने फिरवावयाची असणार. आणि क्षणात वस्तू शंभर फुटी होते. शिवाय रणगाड्याची झडप एका खऱ्या अभियंत्याने खऱ्या कामासाठी आखलेली असते. काम कोणते हे आपल्याला कळले नाही तरी ‘हिला काही काम आहे’ हे कळते. मनाने काढलेल्या नक्षीत हा गुण सहसा उतरत नाही.

‘स्टार वॉर्स’ १९७७ साली प्रदर्शित झाला. त्यातील मिलेनियम फाल्कन यानाचा मुख्य नमुना सुमारे पाच फुटी होता. त्याचा पहिला संच एमपीसी कंपनीने १९७९ साली काढला. तो खपला खूप, पण त्याची अंगलट जाड होती, आणि वरचे तपशील अंदाजाने कोरलेले. ज्यांना ते खुपले त्यांनी मग एक विलक्षण उद्योग आरंभिला. पाच फुटी नमुन्याची छायाचित्रे भिंगाखाली धरून, त्यावरील एकेक तुकडा कोणत्या कंपनीच्या कोणत्या संचातला, ह्याचा शोध. कोणी म्हणे ही अमुक रणगाड्याची पेटी. दुसरा तो जुना रणगाडा मिळवून, पेटी हातात धरून, छायाचित्राशी ताडून म्हणे, नव्हे. वर्षानुवर्षे हे चालले. त्यांच्या याद्या आहेत, पाठभेद आहेत, वाद आहेत. आपल्या शहरांतून हस्तलिखितांच्या पोथ्या पुढ्यात मांडून एकेका शब्दाची शुद्ध प्रत ठरविणारे विद्वान होऊन गेले. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली ती १९६६ साली पुरी झाली. (एंटरप्राइझच्या संचाचेही तेच वर्ष, ह्यातून कोणताही निष्कर्ष काढू नये.) महाभारताची बरोबरी आम्ही फाल्कनशी करीत नाही, व्यासांचा अवमान होईल आणि रणगाड्यांचाही गैरसमज होईल. परंतु चिकाटीची जात एकच आहे.

ह्या चिकाटीला फळ आले ते जपानात. त्या देशातील शिझुओका शहर पूर्वीपासून लाकूडकामाचे. तेथे प्लॅस्टिकच्या संचांचा धंदा एकवटला. तामिया कंपनी मुळात लाकडाची वखार होती, हे आज तिचे रणगाडे पाहून कोणाला खरे वाटणार नाही. बांदाई कंपनीचा संचांचा कारखानाही त्याच शहरात आहे. फाइन मोल्ड्स ही कंपनी टोयोहाशीची. तिने २००५ साली फाल्कनचा बहात्तरांश प्रमाणाचा संच काढला, आणि त्याच प्रमाणाचा बांदाईचा २०१७ साली निघाला. दोन्हींत ते रणगाड्याचे आणि मोटारींचे तुकडे आपापल्या जागी आहेत. जरा थांबून पाहा. जपानी कारखान्याने रणगाड्याच्या संचासाठी एक भाग ओतला. तो अमेरिकेत जाऊन यानाच्या अंगावर चिकटला. पुन्हा जपानात त्याची मापे घेतली गेली, तो लहान होऊन सुमारे एक तृतीयांश राहिला, आणि यानाचा भाग म्हणून पुन्हा ओतला गेला. ह्या प्रवासात तो एकदाही खरा रणगाडा नव्हता आणि एकदाही खरे यान नव्हता, आणि तरीही त्याचे माप चुकले तर चूक म्हणजे चूकच!

बांदाईच्या अलीकडच्या संचांविषयी एक नापसंतीचा सूर लावल्यावाचून राहवत नाही. त्यांचे भाग गोंदाशिवाय टचकन बसतात, प्लॅस्टिक आधीच योग्य रंगाचे असते, सांधे असे लपविलेले की लांबीचे काम पडत नाही. दोन दिवसांत यान तयार. नवख्याला हे वरदान आहे. पण ज्याच्या बोटांना सांधा शोधण्याची सवय आहे त्याला तेथे करण्यासारखे फार थोडे उरते.

आता मुख्य मुद्द्याशी आलो. हा सगळा काटेकोरपणा कोणाच्या कामी येतो? काही वर्षांपूर्वी ह्याचे उत्तर ‘कोणाच्याच नाही’ असे आम्हीही दिले असते. एंटरप्राइझचा अकरा फुटी नमुना पॅरामाउंट कंपनीने १९७४ साली अमेरिकेच्या स्मिथ्सोनियन संस्थेला देऊन टाकला, आणि तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय विमान व अवकाश संग्रहालयात राहिला. मधल्या काळात त्याची अनेकदा डागडुजी झाली, रंग पुन्हा दिले गेले. तबकडीचा वरचा पृष्ठभाग तेवढा मूळ रंगाचा उरला. २०१४ साली तो प्रदर्शनातून काढून त्याचे पुन्हा सांगोपांग जतन करण्याचे ठरले, तेव्हा प्रश्न उभा राहिला: १९६७ साली हा नेमका दिसत कसा होता? पडद्यावरचे चित्र साक्षीला घ्यावे तर प्रखर दिव्यांनी आणि फिल्मने रंग बदललेले. कागदपत्र अपुरे. शेवटी संग्रहालयाने २०१५ साली लोकांनाच जाहीर विनंती केली, की १९७६ पूर्वी ह्या नमुन्याची कोणी स्वतः छायाचित्रे घेतली असतील तर ती पाठवावीत. एवढ्या मोठ्या संग्रहालयाने हौशी माणसांच्या कपाटांकडे हात पसरला, आणि कपाटांतून चित्रे निघाली. ज्या यानाचा रंग पांढरा, की निळसर, की हिरवट, ह्यावर आमच्या मंडळींनी अर्धशतक डोकी फोडून घेतली, त्याचा खरा रंग तबकडीच्या वरच्या अंगावर सापडला: फिकट राखाडी, किंचित हिरवटाची झाक असलेला. २०१६ च्या जुलैमध्ये ते यान संग्रहालयाच्या मुख्य दालनात मांडले गेले. अटलांटिक एकट्याने ओलांडणाऱ्या लिंडबर्गचे विमान ज्या दालनाचे, तेच हे दालन.

तीन फुटी नमुन्याची कहाणी आणखी निराळी. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो कोणाला तरी उसना दिला गेला आणि नाहीसा झाला. २०२३ साली एका लिलावाच्या जाहिरातीत अचानक दिसला. जाणकारांनी तपासून तोच असल्याचा निर्वाळा दिला, आणि २०२४ साली तो मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी ह्यांच्या मुलाच्या हाती परत पोचला. सुमारे पंचेचाळीस वर्षे हरवलेली वस्तू ओळखावयाची तर तिची गाठ कोठे, चीर कोठे, हे कोणाला तरी पाठ असावे लागते.

ग्रेग जाइन ह्यांचे नाव येथे घेतले पाहिजे. १९७७ च्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ ह्या चित्रपटातील परग्रहावरचे प्रचंड दिव्यांचे यान घडविणारांत ते प्रमुख होते. तो नमुनाही आज स्मिथ्सोनियनकडे आहे. त्याच्या अंगावर शोधक नजरेने पाहिले तर एक मोटारगाडी, एक टपालपेटी, एक लहानसे स्मशान, आणि ‘स्टार वॉर्स’मधला आर टू-डी टू नावाचा यंत्रमानव दिसतो. कारागिरांनी आपसात केलेली थट्टा. पण जाइन नुसते कारागीर नव्हते, संग्राहकही होते. दुसऱ्यांनी टाकलेले ते जपून ठेवीत. २०२२ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या गॅरेजमधील एका खोक्यात ‘स्टार वॉर्स’चे एक मूळ एक्स-विंग यान मिळाले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते लिलावात ३१ लाख ३५ हजार डॉलरला गेले. किमतीचा आकडा ऐकून सभागृहात हालचाल झाली, ती आम्ही पाहिली. आकडा विसरा. ती वस्तू केराच्या टोपलीत न जाता खोक्यात गेली, आणि तिच्याभोवती भुसा भरण्याइतकी माया कोणाला तरी वाटली, हे महत्त्वाचे. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ ह्या १९६८ च्या चित्रपटाच्या मोठमोठ्या नमुन्यांना असा कोणी भेटला नाही. त्यांतले चंद्रावर उतरणारे एरीस यान तेवढे २०१५ साली लिलावात दिसले आणि चित्रपट अकादमीने ३,४४,००० डॉलर देऊन घेतले. बाकीच्यांचे रूप आज बहुधा चित्रपटात, छायाचित्रांत आणि संचांत पाहावयाचे.

१९९० नंतर याने हाताने घडविणेच मागे पडले. ‘बॅबिलॉन ५’ ह्या मालिकेचा पहिला भाग १९९३ साली आला; तिची याने संगणकाने काढलेली. संगणकाच्या यानाला डावी बाजू उजवीइतकीच असते, तारा बाहेर येत नाहीत, आणि त्याच्या अंगावर कोणत्याही रणगाड्याची पेटी नसते. त्याचा संच करताना कंपनी संगणकातील आकृतीच मागविते. तेथे ‘हुबेहूब कशाशी’ हा प्रश्न सुटलेला आहे, आणि खरे सांगावयाचे तर आमचा रसही तेथे जरा कमी होतो.

आता ती माळ्यावरची खोकी. ह्या छंदात दोन पंथ आहेत आणि त्यांचे पटत नाही. एक पंथ संच जमवितो आणि उघडत नाही. खोक्यावरचे चित्र ताजे, आतील पिशवी बंद, असा जुना संच मिळाला की किंमत कितीतरी पट. एक भाग कापला की ती कोसळली. दुसरा पंथ म्हणतो, न जुळविलेला संच म्हणजे न वाचलेले पुस्तक. आम्ही जुळविणारांपैकी आहोत, तेव्हा आमचे मत पक्षपाती समजावे. परंतु बंद खोक्यात काळ थांबतो ही समजूत चुकीची आहे. डेकल पिवळी पडतात आणि पाण्यात टाकताच त्यांचे तुकडे होतात. लांब पातळ भाग उन्हाळ्याच्या उकाड्यात वाकतात. आमच्या हवेत तर विशेष. माळा ही संच ठेवण्याची सर्वांत वाईट जागा. रबरी भाग प्लॅस्टिकला टेकून राहिला तर कालांतराने ते खातो.

संग्राहकांच्या बाजूनेही एक पुरावा आहे, आणि तो भारी आहे. अरोरा ही अमेरिकन कंपनी १९७७ च्या सुमारास बंद पडली. तिचे अनेक साचे पुढे मिळेनासे झाले. १९९० नंतरच्या दशकात पोलर लाइट्स नावाच्या कंपनीला ते जुने संच पुन्हा काढावयाचे होते. साचे नाहीत, मग काय केले? संग्राहकांकडे शिल्लक राहिलेल्या न जुळविलेल्या संचांतील भाग घेऊन त्यांवरून मापे काढली आणि नवे साचे कोरले. त्या लोकांनीही आमच्याप्रमाणे गोंदाची बाटली उघडली असती, तर ते संच आज कोणालाच जुळविता आले नसते. ह्या प्रश्नावर आमचे एका संग्राहक मित्राशी वीस वर्षे भांडण चालू आहे. अलीकडे त्यांची दृष्टी अधू झाली आहे आणि ते म्हणू लागले आहेत, की खोकी कोणाला द्यावीत हे ठरवून टाकले पाहिजे. आम्ही त्यांना सुचविले, की ज्या संचांच्या नव्या आवृत्त्या बाजारात मिळतात ते निःशंक उघडा, ज्यांचे साचे गेले आहेत ते तसेच ठेवा, आणि प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी लावा, म्हणजे घरच्या मंडळींना कळेल. निम्म्या खोक्यांना चिठ्ठ्या लागल्या आहेत. उरलेल्या निम्म्यांवर अजून चर्चा चालू आहे.

शेजारच्या खोलीत टेबलावर एंटरप्राइझचा संच जुळवून ठेवला आहे. आत पितळी नळ्या घातल्या आहेत, त्यामुळे इंजिने ताठ आहेत. त्याच्या बाजूला दुसरा तसाच संच अर्धवट, सांधे उघडे ठेवून मांडला आहे. मुलांनी त्यावरून बोट फिरवून सांधा कोठे जाणवतो ते पाहावे. पहिल्याची डावी बाजू मुद्दाम दाराकडे करून ठेवली आहे. तिच्यावरील खिडक्या किती आणि कोठे, ह्याविषयी ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी व्याख्यानानंतर अवश्य थांबावे; दिवे नऊ वाजेपर्यंत ठेवण्याचे चिटणिसांनी कबूल केले आहे.